सातव्या टेकमधलं दार

हौसेला मोल नसतं म्हणतात.
असतं. दोनशे ऐंशी डॉलर,
वर डनेडिनपर्यंतचं टपाल वेगळं.

चाळीस वर्षं झाली म्हणून हा खोका काढलाय:
पाच तबकड्या, कापडी बांधणीचं पुस्तक,
गायकाच्या अक्षरातली किराण्याची यादी, हुबेहूब छापलेली,
आणि एक बिल्ला, जो कुणी कधी लावणार नाही.
मी विकते, म्हणून मलाच बोलायचा हक्क आहे:
अल्बम तोच. दहा गाणी, एकोणचाळीस मिनिटं.
फोनवर फुकट.

तरी जुलैच्या गारठ्यात,
मी शटर वर करायच्या आधीपासून
डूगल मॅक्रॉस्टी दाराशी.
कानटोपी, बंदरातल्या क्रेनच्या शिड्यांनी खाल्लेले गुडघे,
आणि खोक्याच्या मापाची पिशवी, स्वतः शिवून आणलेली.

ह्याच्याकडे हा अल्बम सहा वेळा आहे.
पहिली प्रत, तिचं कव्हर कॉफीने पिवळं.
कॅसेट, पेन्सिलीने गुंडाळून गुंडाळून सैल.
दोन सीड्या; दुसरी कशासाठी ते त्यालाही आठवत नाही.
जपानी प्रत, जिच्या कडेची कागदी पट्टी
तो डोळ्यांत तेल घालून जपतो.
सहावी मीच त्याच्या गळ्यात मारली, हे कबूल करते.

एकदा विचारलं होतं, डूगल, कशाला?
म्हणाला, फोनमधलं गाणं पाहुण्यासारखं,
कधी उठून जाईल सांगता येत नाही.
ह्यांना पाठ असते, नायरी.
आजारी पडलो तर पलंगावरून वाचता येते.

मला ते पटलं. पण ते अर्धंच होतं.

आज नोटा मोजून दिल्यावर
त्याने पुस्तक उघडलं, अंगठा ओळीवरून सरकवला:
चौथी तबकडी, सातवा टेक, अर्धवट.
‘ह्यात एव्हिस आहे.’

एव्हिस त्याची बायको.
स्टुडिओ म्हणजे तेव्हा लोकरीचं जुनं गोदाम;
ती हिशेब लिहायची, चहा न्यायची.
त्या दिवशी लाल दिवा न बघता तिने दार ढकललं.
बिजागरी, किटलीचं झाकण, मग तिचं ‘अरे, सॉरी’,
आणि गाता गाता गायकाला हसू फुटलं.
बेसवाल्याने गंमत म्हणून तो तुकडा तिला कॅसेटवर दिला होता.
‘त्यावर मी रग्बीची कॉमेंटरी रेकॉर्ड केली,’ डूगल म्हणाला.
‘दोन्ही बाजू. शिवाय मॅच हरलो.’
ती कधी बोलली नाही त्यावरून.
आता बोलायला नाहीच.

दुकानातल्या डेकवर लावलं.
दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणं नीट चाललं, मग थांबलं.
काही नाही.
धुतलेल्या काचेसारखी शांतता,
आणि त्या शांततेत एक माणूस मनापासून हसतो,
कशाला, ते कळत नाही.

पुस्तकात पान एक्केचाळीसवर अभिमानाने लिहिलं होतं:
मूळ फितींमधले बाहेरचे सर्व आवाज
अत्यंत काळजीपूर्वक काढून टाकले आहेत.

मी पैसे परत काढले, गल्ल्यावर ठेवले.
डूगलने ते पाहिले नाहीत.
त्याने सुई उचलली, परत त्याच जागी टेकवली,
माझ्यापेक्षा हलक्या हाताने.
हसू पुन्हा आलं.
तिसऱ्यांदाही.
‘बघ,’ तो फिरत्या तबकडीवर बोट धरून म्हणाला, न टेकवता,
‘इथे आली ती.’

पिशवी दोन बोटं तोकडी पडली.
बाहेर गारा सुरू झाल्या होत्या;
मी प्लास्टिक शोधेपर्यंत तो बसथांब्यावर पोचलाही,
कोट खोक्यावर, स्वतः स्वेटरवर.

दुपारी कुणी आलं नाही.
एकदा फोडलेला खोका विकता येत नाही, मला माहीत आहे.
तरी कात्री घेतली.
चौथी तबकडी. सातवा टेक.